गाणं कुणाचं, किल्ली कुणाकडे: पाड्याचा किंवा मंडळाचा वारसा-संग्रह उभारताना

जव्हार-डहाणूकडच्या पाड्यावरची लग्नगाणी, मावळ-मुळशीतल्या जात्यावरच्या ओव्या, इस्रायलात स्थायिक झालेल्या एखाद्या बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) आजीची मराठी गाण्यांची वही. यातलं काहीही जपून ठेवायचं मनात आलं की बहुतेक जण पहिल्यांदा रेकॉर्डर विकत घेतात. दोन-तीन वर्षांनी ते रेकॉर्डिंग कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये असतं, गाणाऱ्या बाईला ते कधी ऐकायला मिळालेलं नसतं आणि त्यातलं एखादं गाणं भलत्याच व्हिडिओला पार्श्वसंगीत म्हणून लागलेलं असतं. माइक चांगला असूनही हे होतं, कारण कोण ऐकेल, कोण नाही आणि नकार कुणी द्यायचा, हे आधी ठरलेलं नसतं. म्हणून या लेखात रेकॉर्डर चौथ्या पायरीवर येतो.

पुढच्या पायऱ्या मुख्यतः वारली पाडे आणि जात्यावरच्या ओव्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. परदेशातल्या मंडळांसाठी वेगळी पायरी आहे, पण त्यांनीही पहिल्या तीन वगळू नयेत.

१. आधी माणसं, मग विषय

सुरुवातीला ५ ते ७ जणांचा गट पुरतो. त्यात निम्म्याहून जास्त बाया हव्यात. लग्नगाणी, ओव्या, चौक (विधीसाठी भिंतीवर काढायचं चित्र) लिहिणं हे बहुतेक ठिकाणी बायकांच्या हातात असतं आणि सभेत बोलतात मात्र पुरुष. वारली लग्नात धवलेरी गाणी म्हणत विधी चालवते, लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात. धवलेरीला न विचारता सरपंचाकडून परवानगी आणली, तर ती कागदावरच राहील. गटात एक कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा हवा, एक भगत (देवाचे विधी करणारा) किंवा जुनं माहीत असलेलं माणूस हवं आणि हिशेबाला चोख असं कुणीतरी हवं. बाहेरचं माणूस जास्तीत जास्त एक, तेही मदतनीस म्हणून.

गट ठरला की ग्रामसभा. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) लागू आहे. त्याच्या कलम ४ मध्ये लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला स्पष्टपणे दिला आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळू शकते. म्हणजे तुमच्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा असेल तर ठराव तिथेच करा, ग्रुप ग्रामपंचायतीच्या सभेत नव्हे. ठरावात तीन वाक्यं पुरतात: संग्रह कोणासाठी, तो कुठे ठेवला जाईल, आणि तो बंद करण्याचा अधिकार कोणाचा. तिसरं वाक्य हमखास विसरतं, आणि पुढे भांडण होतं ते त्यावरूनच.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे निधी. एखाद्या संस्थेने पैसे दिले की ‘मार्चपर्यंत २०० गाणी’ असं उद्दिष्ट येतं. गाण्यांच्या संख्येवर करार करू नका. बैठका, प्रशिक्षण आणि साठवण यांवर करा. संख्येच्या मागे लागलं की तीच ओवी चार बायकांकडून गोळा होते आणि अवघड, लांब, विधीची गाणी मागे पडतात.

२. नियमांची बैठक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निदान तीन बैठका, प्रत्येकी दोन तासांच्या. भातलावणी-कापणीचे दिवस टाळा, बाजाराचा वार टाळा, आणि बायकांची बैठक दुपारी २ ते ४ ठेवा. सकाळी पाणी-सरपण असतं, संध्याकाळी चूल.

साहित्य साधं आहे: पोस्टकार्डाएवढे ६०-७० पुठ्ठे, जाड पेन आणि जमिनीवर खडूने काढलेली चार वर्तुळं. (चौकोन काढू नका. वारली घरात चौक म्हणजे देवीची जागा. तिथे पुठ्ठे टाकायला सांगितलं तर म्हाताऱ्या बाया काही न बोलता उठून जातील आणि तुम्हाला कारण कळणार नाही.) एकेका पुठ्ठ्यावर एकेक गोष्ट लिहा आणि तिचं चित्रही काढा, म्हणजे वाचता न येणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागत नाही: हळदीचं गाणं, देवीला बोलावण्याचं गाणं, कणसरीची (धान्यदेवीची) कथा, तारप्याचे (फुंकून वाजवायच्या वाद्याचे) सूर, औषधी मुळी, लहान मुलांची गाणी, मेलेल्या माणसासाठीचं गाणं, आजोबांचा फोटो.

मग एकेक पुठ्ठा उचलून विचारायचं: हे कुणी ऐकलं तर चालेल?

पहिलं वर्तुळ जगाचं, दुसरं फक्त आपल्या पाड्याचं, तिसरं ठरावीक लोकांचं, म्हणजे फक्त बायका, फक्त त्या घरचे, फक्त भगत. चौथं वर्तुळ ‘रेकॉर्डच करायचं नाही’ याचं. ते रिकामं राहिलं तर बैठक नीट झाली नाही असं समजा. लोक तुमचं मन राखण्यासाठी हो म्हणत आहेत.

प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे आणखी दोन गोष्टी लिहा: कधी आणि कुणी. तारपा प्रामुख्याने नवं भात तयार झाल्यानंतरच्या दिवसांत वाजतो. मे महिन्यात शहरातून पाहुणे आले म्हणून तो वाजवायला लावला, तर आवाज मिळेल, पण तो चुकीच्या वेळचा असेल आणि वाजवणाऱ्याच्या मनाला लागेल ते वेगळंच. ऋतूचा नियम असेल तर रेकॉर्डिंगचं वेळापत्रक पुठ्ठ्यांवरून बनवा, तुमच्या सुट्ट्यांवरून नको.

गुपित फक्त देवाधर्माचंच असतं असं धरून चालू नका. जात्यावरच्या ओव्यांत सासूचं, नणंदेचं, मारकुट्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हटलेलं असतं. म्हणणारी ऐंशीची, पण त्या सासूची नातवंडं शेजारच्याच घरात राहतात. अशा ओव्यांसाठी ‘काही वर्षं बंद’ असा पर्याय ठेवा आणि वर्ष नेमकं लिहा: २०४५, २०५०. ‘नंतर उघडू’ असं लिहिलं की ती उघडतही नाही आणि नीट बंदही राहत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा वाटतो, पण त्यावर चालणारी व्यवस्था आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात टेनंट क्रीक इथल्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर तयार झालं. मुकुर्तू हा वारुमुंगू शब्द, अर्थ मौल्यवान वस्तू जपून ठेवायची पिशवी. त्यात कोणता फोटो कुणी पाहायचा हे नातं, लिंग, गट यांवरून ठरवता येतं. तिथल्या बऱ्याच समाजांत मेलेल्या माणसाचा फोटो किंवा आवाज समोर येणं दुःखाचं, कधी निषिद्ध मानलं जातं. संग्रहाने ते पाळायला हवं, म्हणून सॉफ्टवेअर तसं घडलं. ते बसवायला सर्व्हर आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतं. लहान पाड्याला त्याची गरज नाही. रेकॉर्ड होणारी तीन वर्तुळं म्हणजे तीन फोल्डर, इतकं पुरतं. पण विचार तिथूनच घ्या: आधी लोकांचे नियम, मग त्यांच्या मापाचं यंत्र.

बैठकीनंतर पुठ्ठ्यांचे फोटो काढा, यादी मोठ्या कागदावर लिहून समाजमंदिरात १५ दिवस लावा. हरकती येतील. यायलाच हव्यात.

३. संमती आणि हक्क

ग्रामसभेचा ठराव असला तरी गाणाऱ्या प्रत्येक माणसाची संमती वेगळी घ्यावी लागते, आणि उलटही खरं: एका बाईने होकार दिला म्हणून विधीचं गाणं खुलं होत नाही, ते साऱ्या पाड्याचं असतं. दोन्ही कुलपं उघडली तरच दार उघडायचं.

संमतीपत्र एका पानाचं, मोठ्या अक्षरात ठेवा. त्यात हे हवं:

- नाव जसं छापायला हवं तसं. माहेरचं, सासरचं की दोन्ही, हे तिला विचारा.
- काय रेकॉर्ड होतंय आणि कोणत्या वर्तुळात जाणार.
- पैसे मिळणार का, किती.
- प्रत कधी आणि कशी मिळणार.
- मन बदललं तर कुणाला सांगायचं, आणि सांगितल्यापासून किती दिवसांत ते काढलं जाईल. ३० दिवस ही वाजवी मुदत.
- माणूस गेल्यावर निर्णय कोण घेणार, त्या वारसाचं नाव.

हे पत्र तिच्या बोलीत वाचून दाखवा आणि तिचा होकार तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा. नुसता अंगठा घेऊ नका. सरकारी कागदांवर अंगठे उमटवून झालेल्या माणसांना त्या ठशाची किंमत तुमच्यापेक्षा जास्त कळते.

हक्कांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: ‘लोकगीत आहे, कुणाच्या मालकीचं नाही.’ गाण्याचे शब्द परंपरेचे असतील, पण ते गाणाऱ्या माणसाला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ खाली सादरकर्ता म्हणून स्वतःचा हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. दुसरीकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा ते करवून घेणाऱ्याकडे जातो, म्हणजे संस्थेकडे. लेखी करार नसेल तर गाणं पाड्याचं आणि फाइल संस्थेची, अशी गंमत होते. म्हणून करारात सरळ लिहा: ध्वनिमुद्रणाचे हक्क ग्रामसभेच्या समितीकडे राहतील, संस्थेला फक्त अमुक कामासाठी, अमुक वर्षांपर्यंत वापरायची परवानगी. सही करण्यापूर्वी एकदा वकिलाला दाखवा.

‘गायिका: पारंपरिक’ असं कधीही लिहू नका. हेमा राईरकर आणि गी पोइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या आज ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर बाईच्या नावानिशी, गावानिशी वाचता-ऐकता येतात. लाखभर ओव्यांना नावं लावता आली, तर तुमच्या साठ गाण्यांना नक्की येतील.

वारली चित्रांचं थोडं वेगळं. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने बाजारातल्या नावाला संरक्षण मिळतं. एखादा चौक कुणी पिशवीवर छापायचा की नाही, हे मानांकन ठरवत नाही. विक्रीसाठीची नाचाची, शेतीची चित्रं आणि लग्नाचा चौक यांना दुसऱ्या पायरीत वेगळे पुठ्ठे द्या.

४. सामान

- हातात मावणारा रेकॉर्डर, वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी) फाइल बनवणारा. नसेल तर बऱ्यापैकी फोन आणि वेव्ह स्वरूपात जतन करणारं अॅप.
- वाऱ्यासाठी माइकवर घालायची केसाळ टोपी. नसल्यास लोकरी मोजा चालतो, स्पंजाची टोपी मोकळ्या माळावर पुरत नाही.
- छोटा तिपाया आणि एक जुनी गोधडी.
- कानावर पूर्ण बसणारे हेडफोन. हे विसरू नका.
- ३२ जीबीची दोन मेमरी कार्डं, जास्तीचे सेल, पॉवर बँक.
- दोन हार्ड डिस्क, वेगवेगळ्या कंपनीच्या.
- बांधलेली नोंदवही आणि पेन्सिल. सुट्या कागदांचं काय होतं ते पावसाळ्यात कळतं.

व्हिडिओ कॅमेरा पहिल्या वर्षी आणूच नका. कॅमेरा आला की लुगडं बदललं जातं, पोरं गोळा होतात आणि गाणं आखडतं.

५. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण

मापं आधी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकसाठी मोनो. अशा एका तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते, स्टिरिओला दुप्पट. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर मोनोचे साधारण ६० तास बसतात, जागा वाचवायला एमपी-थ्री वापरायचं कारणच नाही. एमपी-थ्रीमध्ये जो आवाज गाळला जातो तो पुन्हा कधीच मिळत नाही. आवाजाची पातळी हाताने ठेवा. मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास उसळावा, शून्याला टेकू नये. आपोआप पातळी ठरवणारं बटण बंद करा, नाहीतर दोन ओळींमधल्या शांततेत कोंबडा आणि मोटारपंप वर येतात आणि गाणं सुरू झालं की धाप लागल्यासारखं खाली बसतं.

जागा निवडताना पत्र्याचं घर टाळा, आवाज घुमतो. कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंतीचं घर रेकॉर्डिंगला फार छान, कारण ती भिंत आवाज पिते. पंखा, फ्रीज बंद करायला सांगा, आणि निघताना फ्रीज सुरू करायला विसरू नका. फोन विमान-मोडवर.

एकटी गाणारी बाई असेल तर माइक तोंडापासून २० ते ३० सेंटीमीटरवर आणि तोंडासमोर थेट न धरता हनुवटीच्या थोडा खाली, म्हणजे ‘प’, ‘भ’ फुटत नाहीत. नवरा-नवरीकडच्या दोन गटांत आळीपाळीने गाणं असेल तर स्टिरिओ घ्या आणि दोन्ही गटांच्या मधोमध बसा.

जात्यावरच्या ओव्यांना वेगळी रीत लागते. पुष्कळ बायांना खुर्चीवर बसवून ओवी म्हणायला सांगितलं तर आठवतच नाही. खुंटा हातात आला आणि जातं फिरलं की ओळीमागून ओळ येते. गावात गिरणी आल्यापासून जाती कोपऱ्यात पडली आहेत, म्हणून आदल्या दिवशी जातं शोधून, धुऊन, वाळवून ठेवा. ओलं जातं पीठ धरतं. रिकामं फिरवू नका, पाळू (जात्याचे दगड) घासतात आणि कर्कश आवाज येतो. मूठमूठ ज्वारी किंवा तांदूळ घालत राहायचं. घरघर जमिनीतून चढते, म्हणून तिपाया गोधडीच्या दोन-तीन घड्यांवर ठेवा आणि माइक जात्याच्या उंचीला न ठेवता, समोरासमोर बसलेल्या दोघींच्या छातीच्या उंचीवर. रेकॉर्डरचं खालचे सूर कापणारं बटण मात्र दाबू नका. ओवीची लय त्या घरघरीला बांधलेली आहे, ती कापली तर पुढच्या पिढीला गाणं तरंगत्या शब्दांसारखं ऐकू येईल.

रेकॉर्ड सुरू केल्यावर पहिल्यांदा स्वतः बोला: तारीख, पाडा, कोण गातंय, काय गातंय, सोबत कोण बसलंय. वही हरवली तरी ही ओळ फाइलबरोबर राहते. त्यानंतर ३० सेकंद कुणीही बोलायचं नाही, नुसता खोलीचा आवाज. पुढे आवाज साफ करणाऱ्याला तो लागतो.

गाणं अर्धवट थांबलं तर लगेच ‘पुढे?’ असं विचारू नका. दहा-पंधरा सेकंद गप्प बसा. शेजारची बाई आठवून देते, मग दोघींत वाद होतो, ‘आमच्याकडे असं म्हणतात’ असं सुरू होतं. तो वाद रेकॉर्ड होऊ द्या. दोन पाड्यांतला पाठभेद पुष्कळदा फक्त तिथेच सापडतो.

एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त नको. मानधन दिवसाच्या मजुरीइतकं किंवा थोडं वर, गाण्यागणिक कधीच नाही. गाण्यागणिक दिलं की एका लांब गाण्याची चार छोटी होतात. दोष गाणारीचा नाही, हिशेबाचा आहे. धवलेरीला लग्नात मान काय मिळतो ते विचारा आणि तोच द्या.

६. नोंदी

त्याच दिवशी, त्याच गावात बसून करा. आठवड्याने केलेल्या नोंदीत ‘बहुतेक’ हा शब्द शिरतो.

फाइलचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये रिकामी जागा न सोडता. आधी पाड्याची तीन अक्षरं, मग वर्ष-महिना-दिवस, मग गायकाचा क्रमांक, मग फाइलचा. तारीख वर्षापासून सुरू केली की फाइली आपोआप ओळीने लागतात. गायकाचं नाव फाइलच्या नावात घालू नका, कारण नंतर ते लपवायची वेळ आली तर सगळीकडे बदलावं लागतं.

तक्त्यात पंधरा रकाने ठेवायचा मोह होतो. भरले जातात सात-आठच: क्रमांक, तारीख, जागा, गाणारी, गाण्याला तिथे काय म्हणतात, कोणत्या वेळी म्हणतात, कुणाकडून शिकली, कोणतं वर्तुळ. ‘गाण्याला तिथे काय म्हणतात’ या रकान्यात तुमचे शब्द घालू नका. शिकलेला माणूस सगळ्याला ‘विवाहगीत’ लिहितो. तिथे मात्र हळदीचं वेगळं, मांडवाचं वेगळं, चौक लिहितानाचं वेगळं असतं.

जात लिहायची का? यावर सरधोपट उत्तर नाही. परंपरा जातीशी आणि जमातीशी बांधलेली असते, ती पुसली की अर्धा अर्थ जातो. डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या कुणी म्हटल्या हे न लिहिणं म्हणजे इतिहास धुऊन काढणं. पण नाव-गाव-जात एकत्र खुलं ठेवल्याने कुणाला त्रास होऊ शकतो. मधला मार्ग असा: बंद वहीत लिहा, उघड पानावर गाणारीला हवं असेल तरच.

७. बोली कागदावर उतरवताना

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला बोली येणाऱ्या माणसालाही सहा ते आठ तास लागतात, त्याप्रमाणे मानधन आणि मुदत ठरवा. ‘एलॅन’ हे मोफत सॉफ्टवेअर ओळ आणि आवाज जोडून ठेवतं.

शब्द सुधारू नका. पहिल्या ओळीत जसं ऐकू आलं तसं, दुसऱ्या ओळीत मराठी अर्थ. शहरात शिकलेली पोरं नकळत वारलीचं प्रमाण मराठी करतात, म्हणून उतरवलेलं गाणारीला वाचून दाखवा. ती हसली तर चूक झाली आहे. टंकलेखन युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टांत टंकलेले किती तरी संग्रह आज उघडले की चिन्हांचा कचरा दिसतो.

८. परदेशातल्या मंडळांसाठी

इथे गाणाऱ्यांपेक्षा वह्या, कॅसेटी, फोटो जास्त असतात आणि माणसं विखुरलेली. बेने इस्रायली कुटुंबांत बायकांच्या हस्तलिखित गाण्यांच्या वह्या मराठीत आहेत. १८८०च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही सुरू झाली होती. वाचणारी पिढी म्हातारी झाली, नातवंडांना देवनागरी येत नाही. मॉरिशसमध्ये कोकणातली जाखडी (गाण्यासोबतचा नाच) ‘झाकरी’ म्हणून टिकली आहे, पण घरात बोलतात क्रिओल. अशा ठिकाणी संमतीपत्र आणि तक्ता दोन भाषांत लागतो, आणि मुलाखत घ्यायला नातवाला बसवणं उत्तम. तो जे मूर्ख प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं इतर कुणी रेकॉर्ड केलेली नसतात. नातवाला ‘मलिदा म्हणजे काय’ हे माहीत नसतं, म्हणून आजी पोहे, गूळ, नारळ कसे कालवायचे इथपासून सांगते.

मूळ वही मागून नेऊ नका. घरी जाऊन स्कॅन करा आणि तिथेच परत ठेवा. ६०० डीपीआय, टिफ स्वरूप, रंगीत, कोऱ्या पानांसकट. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात फोनने, फ्लॅशशिवाय, वही दोन उश्यांवर १२० अंशांपर्यंतच उघडून. पूर्ण उघडली की जुनी शिवण सुटते. पानाशेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं.

व्हिडिओ-कॉलवरचं रेकॉर्डिंग गाण्यासाठी कामाचं नाही. कॉल बोलण्यापुरता ठेवा आणि आजीजवळच्या माणसाला वेगळ्या फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. फाइल व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, नाहीतर ती दाबली जाते. फोटोंचंही तेच.

नोंदीत मूळ गाव जरूर लिहा. बेने इस्रायली आडनावं बहुतेक रायगड-अलिबागकडच्या गावांवरून पडलेली आहेत. पेणकर, दिवेकर अशा आडनावावरून वही कोणत्या गावाकडून निघाली याचा माग लागतो. तिथे अजून कुणी असेल तर एक प्रत त्या गावी पाठवा.

९. साठवण

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. पाड्यावर डिस्क शाळेच्या पत्र्याच्या कपाटात ठेवू नका. मे महिन्यात ते तापतं आणि जुलैत गंजतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, चुलीपासून लांब. दुसरी प्रत तालुक्याच्या गावी विश्वासाच्या घरी, तिसरी ऑनलाइन. तिसऱ्या वर्तुळाचं मात्र काहीही ऑनलाइन चढवायचं नाही, कुलूपबंद असलं तरी.

प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलवरून संगणकाने काढलेला तपासणीचा आकडा) काढून यादी ठेवा. दर सहा महिन्यांनी पुन्हा काढून जुळवा, आकडा बदलला तर फाइल बिघडली आहे, चांगल्या प्रतीवरून घ्या. डिस्क पाच वर्षांनी बदलायची, चालत असली तरी. पासवर्ड दोघांकडे, त्यातली एक बाई आणि दोघं वेगवेगळ्या घरातली. पासवर्ड एकट्या उत्साही पोराकडे असला आणि तो नोकरीला वापीला गेला, की संग्रह त्याच्या फोनबरोबर जातो.

१०. परत देणं

रेकॉर्डिंगनंतर महिन्याभरात गाणारीच्या हातात प्रत पडली पाहिजे. पेन ड्राइव्ह देऊन उपयोग नाही, घरात लावणार कशात? तिच्या किंवा मुलाच्या फोनच्या मेमरी कार्डात एमपी-थ्री प्रत घालून द्या आणि एकदा वाजवून दाखवा. फोटो असेल तर छापून, मागे नाव-तारीख लिहून.

वर्षातून एकदा सगळ्यांनी बसून ऐकायची बैठक ठेवा, कापणी झाल्यावर. छोटा स्पीकर पुरे. त्या बैठकीत वर्तुळं पुन्हा तपासायची: कुणी गेलं का, कुणाचं मन बदललं का, बंद केलेलं उघडायचं का. गेलेल्या बाईचा आवाज लावण्याआधी तिच्या घरच्यांना आदल्या दिवशी जाऊन विचारून या, बैठकीत सगळ्यांसमोर नाही. आणि त्या दिवशी वही-पेन्सिल बरोबर असू द्या, कारण ऐकता ऐकता कुणीतरी हमखास म्हणतं की यातली तिसरी ओळ चुकली आहे.